‘मी अजून ग्रंथपाल आहे का?’ ह्या प्रश्नाला माझं लांबलचक उत्तर

सर, तुमचा प्रश्न शनिवारी रात्री वाचला, लगेच चार ओळी टाइप केल्या आणि पुसल्या, कारण चार ओळीत उरकण्यासारखं नाहीये ते. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर एका अनुदानित सीनियर कॉलेजात 14 वर्षं ग्रंथपाल आहेत. रुजू झाले तेव्हा लायब्ररीत पाच माणसं होती, आता ते आणि एक परिचर. देवघेव सगळी परिचरच बघतो. सरांचा दिवस जातो नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) माहिती भरण्यात, प्राध्यापकांचे पेपर कुठल्या जर्नलला आले त्याच्या याद्या करण्यात, प्रबंधांचं प्लेजिअरिझम म्हणजे मजकूरचोरी तपासण्यात आणि कॉलेजची वेबसाइट अपडेट करण्यात. आता प्राचार्यांनी दारावरची पाटीही बदलायला काढलीय, ग्रंथालय जाऊन ज्ञानस्रोत केंद्र, आणि सरांच्या नावाखाली ग्रंथपालच्या जागी समन्वयक. सर विचारतात, मी अजून ग्रंथपाल आहे का नुसता डेटा भरणारा झालोय, आणि ह्या सगळ्याला नाही म्हणावं की पीएचडी करून ह्यातच पुढं जावं.

मी 1994 ला सहाय्यक म्हणून लागले, पुढं ग्रंथपाल झाले, आता रिटायरमेंट जवळ आलीय. तुम्ही लिहिलंय ते सगळं माझ्या टेबलावरून गेलंय, काही चांगलं हाताळलं, काही वाईट.

तुमची पोस्ट दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मधेच एक वाक्य सापडलं, "आता काउंटरवर येऊन मला कोणी काही विचारतच नाही." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण मला वाटतं दुखणं तिथं आहे. देवघेव काउंटरवर उभं राहिलं की माणसाला रोज साठ-सत्तर वेळा कळत असतं आपण कोण आहोत ते. पोरगं येतं, "मॅडम, ते निळं पुस्तक, अकाउंट्सचं", आणि तुम्ही मागं न बघता हात घालून काढून देता. परीक्षेच्या आधी नो ड्यूजच्या (पुस्तक बाकी नाही ह्याच्या) सहीसाठी अख्खं कॉलेज आपल्या दारात, त्या आठवड्यात तर प्राचार्यांपेक्षा आपला भाव जास्त! एक्सेलच्या शीटमधे असलं काही मिळत नाही. तुम्ही पाच वर्षांचा देवघेवीचा डेटा जीव तोडून काढता आणि तो नॅक को-ऑर्डिनेटरच्या नावानं वर जातो. काम वाढलं आणि दिसायचं बंद झालं, अशी ती गोची आहे.

आता आधीच कबूल करते की मी जे सांगणार ते सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. तुम्ही कायम आहात, मान्यता आहे, म्हणून तुम्हाला "हे माझं काम नाही" म्हणण्याची थोडी तरी सोय आहे. तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित कॉलेजात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर जी पोरं काम करतात त्यांनी माझं ऐकून उद्या प्राचार्यांना पत्र देऊ नये, त्यांचं गणित वेगळं आहे. दुसरं म्हणजे प्राचार्य कसे आहेत. ऐकून घेणारे असतील तर पुढचं अर्धं काम सोपं. तिसरं, तुमची किती वर्षं उरलीत, ते तुम्ही लिहिलं नाही, मी अंदाजानं वीस धरते.

आणि आपल्या जागेचीच जरा गंमत आहे. कागदावर आपण शिक्षक. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात शिक्षक म्हणजे कोण ह्याची जी व्याख्या आहे तिच्यात प्राध्यापकांच्या जोडीला कॉलेजचा ग्रंथपालही बसवलाय, पगार यूजीसी स्केलचा. पण स्टाफरूममधे आपली खुर्ची नसते, आणि ऑफिसातली मंडळी म्हणतात तुम्ही तिकडचे. शिक्षकेतरांच्या मोर्चात आपण नाही, शिक्षकांच्या यादीत आपलं नाव शेवटी, स्पोर्ट्सच्या सरांच्या बरोबर. त्यामुळं आपली ओळख आधीपासूनच जरा लटकती होती, काउंटरनं ती धरून ठेवलेली, काउंटर सुटला की एकदम जाणवलं.

हे दुखणं नवीन नाही हेही सांगते. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो ते भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. जानेवारी 1924 ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसात कंटाळून परत कॉलेजात गेले, मला घ्या म्हणून. शिकवायची सवय असलेल्या माणसाला ती शांतता सोसेना. मग त्यांना सांगितलं गेलं की आधी लंडनला जाऊन या, तरी नको वाटलं तर बघू. तिकडं त्यांनी नीट चालणाऱ्या लायब्रऱ्या बघितल्या, एका दुकानात मेकॅनोचा (सुटे भाग जोडायचा) खेळ बघून वर्गीकरणाची कल्पना सुचली ती गोष्ट तर तुम्ही बी.लिब.ला ऐकलीच असेल, आणि परत आल्यावर वीसेक वर्षं त्याच लायब्ररीत राहिले. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं वगैरे नंतर, 1931 ला. मला ह्यातलं आवडतं ते एवढंच की आपल्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसालाही पहिल्या महिन्यात वाटलं होतं की मी चुकीच्या खुर्चीवर बसलोय.

माझे पहिले ग्रंथपाल, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावायचे. पुस्तकं सगळी बंद कपाटात, मुलानं चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक यायचं. अण्णांची भीती एकच, पडताळणीत, म्हणजे पुस्तकं मोजताना, पुस्तक कमी आलं तर पगारातून कापतील. आता केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत 215 नंबरचा नियम सरळ सांगतो की वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. पण अण्णांना हे कोण सांगणार. त्यांना विचारलं असतं ग्रंथपाल म्हणजे कोण तर म्हणाले असते, एकही पुस्तक जाऊ न देणारा. मी 2001 ला कपाटांची दारं काढून टाकली आणि मुलांना आत सोडलं. अण्णा तेव्हा रिटायर झाले होते, सहज भेटायला आले, पाच मिनिटं दारात उभं राहून पोरांचा गोंधळ बघितला आणि म्हणाले, "आता तू ग्रंथपाल नाहीस गं, दुकानदार झालीस." मी आठवडाभर नीट झोपले नाही. तुमची पोस्ट वाचून तोच आठवडा आठवला.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. संगणकीकरण आलं तेव्हा मी फार जोरात होते. तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं, जुनं लाकडी कपाट, साठ खणांचं, प्रत्येक खणात पितळी सळई आणि तिच्यात ओवलेली कार्डं, ते मी 2009 च्या दिवाळीत भंगारात दिलं. कार्डं मागं कोरी असतात म्हणून ऑफिसनं चिठ्ठ्यांसाठी ठेवून घेतली. सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर बदललं, जुना डेटा नव्यात घेतला, आणि मराठीच्या सहा हजारांवर नोंदी स्क्रीनवर अशा आल्या की कोणीतरी डोळे मिटून कीबोर्डवर हात फिरवलाय. आम्ही सगळं मराठी जुन्या फाँटमधे टाइप केलेलं, युनिकोड तेव्हा आम्हाला नावानंही माहीत नव्हतं. इंग्रजीचं सगळं जागेवर आणि 891.46 हा वर्गांक (विषयाचा नंबर) म्हणजे अख्खं मराठी साहित्य गायब. बरोबर नोंद फक्त कार्डांवर होती आणि ती कार्डं ऑफिसात, मागच्या बाजूला "चहा 12, बिस्कीट 2" लिहून वापरली जात होती. मी खरंच ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यातून कार्डं काढलीत. बाकी सगळं दाखल नोंदवहीवरून परत टाइप केलं, सात महिने लागले.

त्या कामाला बाहेरून दोन पोरं आणली होती, टायपिंग सुपरफास्ट. त्यांनी कुसुमाग्रज एक लेखक म्हणून घातले आणि वि. वा. शिरवाडकर दुसरे. आरती प्रभू वेगळे, चिं. त्र्यं. खानोलकर वेगळे. कवी ग्रेस तर इंग्रजीच्या यादीत जाऊन बसले! मुलगा येऊन कुसुमाग्रज शोधणार, त्याला कविता दिसणार आणि नाटकं दिसणारच नाहीत, आणि तो समजणार लायब्ररीत नाहीत. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हतं, एकही एरर नाही. ते मला दिसलं कारण 16 वर्षं काउंटरवर उभी होते आणि शिरवाडकरांचं नाटक मागायला येणारा मुलगा कुठलं नाव घेऊन येतो ते मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट कळलं की माझं काम कपाटात नव्हतं आणि कार्डातही नव्हतं. कार्ड गेलं, स्क्रीन आली, तरी शोधणारा आणि नोंद ह्यांच्यामधे कुणीतरी उभं राहावंच लागतं.

तेव्हापासून कुठलंही नवीन काम अंगावर आलं की मी एकच बघते. हे काम माझ्याऐवजी ऑफिसातल्या एखाद्या हुशार क्लार्कनं केलं तर काही बिघडेल का? बिघडणार असेल तर ते ग्रंथपालाचं काम, त्याला नाव काहीही असू दे. नसेल बिघडत तर ते माझ्याकडं फक्त लायब्ररीत कॉम्प्युटर आहे आणि मॅडम पाचपर्यंत बसतात म्हणून आलेलं आहे. तुमची चार कामं ह्याच्यातून काढून बघू.

प्लेजिअरिझम घ्या. तुम्ही लिहिलंय फाइल अपलोड करायची आणि टक्का छापून द्यायचा, ह्यात काय ग्रंथपाल. एवढंच करत असाल तर बरोबर आहे, काही नाही त्यात. पण माझ्याकडं एक इतिहासाचा मुलगा आला, रिपोर्ट 38 टक्के, म्हणजे एवढा मजकूर दुसरीकडच्याशी जुळणारा. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत ठीक, 10 ते 40 ला सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, 40 च्या वर वर्षभर देताच येत नाही आणि 60 च्या वर तर नोंदणीच रद्द. पोरगा पांढरा पडलेला. आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन ओळीनं बसलो. संदर्भसूची मोजली गेली होती, ती त्याच नियमानं वगळायची असते. अवतरणचिन्हात संदर्भ देऊन घेतलेले उतारे वगळायचे. कायद्यांची नावं आणि कलमं वगळायची. सलग 14 शब्दांपर्यंतची सर्वसाधारण वाक्यं वगळता येतात. ते सगळं काढल्यावर राहिले 13 टक्के, आणि त्या 13 मधे एक पूर्ण पान असं होतं की ते त्यानं खरोखर उचललेलं होतं, बाकी 38 च्या गर्दीत ते लपलं होतं. मी त्याला ते पान दाखवलं, तो काही बोलला नाही, दोन आठवड्यांनी स्वतः लिहून घेऊन आला. क्लार्कनं 38 छापून दिले असते. म्हणून हे काम आपलं, आणि टक्का छापायच्या आधी विद्यार्थ्याला समोर बसवायचं हा नियम मी केला. त्या अर्ध्या तासात परत कोणीतरी मला काहीतरी विचारत असतं, लक्षात घ्या.

जर्नलच्या यादीचं तसंच. यूजीसीनं फेब्रुवारी 2025 मधे केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, बंद केली, आता कुठलं जर्नल धड आणि कुठलं पैसे घेऊन छापणारं हे कॉलेजनंच ठरवायचंय. आमचे एक प्राध्यापक मेल घेऊन आले, 48 तासात स्वीकृती, फी एवढी एवढी. मी संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर शोधली, एक माणूस सापडलाच नाही आणि दुसरे फार्मसीचे, जर्नल भाषाशास्त्राचं. दहा मिनिटांचं काम. पण प्राध्यापकांनी पहिल्यांदा स्टाफरूममधे सांगितलं की पैसे भरायच्या आधी लायब्ररीत दाखवा. तुम्ही याद्या करता त्या पेपर छापून आल्यावर करता. त्याच्याआधी महिनाभर तुमच्याकडं यायला लावा, ते काम आपलं.

एआयनं तर अजून एक काम आणून ठेवलंय, ते तुमच्या यादीत नाही पण येणारच आहे. एम.ए.ची मुलगी 14 संदर्भांची यादी घेऊन आली, ही पुस्तकं-लेख काढून द्या. नऊ मिळाले. पाच मिळेनात, लेखक खरे, जर्नलचं नाव खरं, वर्ष आणि अंक मात्र जुळेना, डीओआय (लेखाचा ऑनलाइन नंबर) टाकला तर भलताच लेख उघडला. मी विचारलं, यादी कुठून आणलीस, तर खाली बघून म्हणाली एआयला विचारून. ते लेख जगात नव्हतेच. आता मी प्रत्येक वर्षी जुलैमधे एम.ए. आणि एम.कॉम.च्या मुलांचा एक तास मागून घेते आणि हीच यादी फळ्यावर लिहून खोटे पाच शोधायला लावते. मुलांना मजा येते. तास घेतला म्हणजे कायद्यातली ती शिक्षकाची व्याख्या थोडी तरी खरी झाली असं मला आपलं वाटतं.

नॅकचं थोडं इकडं थोडं तिकडं. लायब्ररीचा म्हणून जो भाग असतो तो आपणच लिहायचा आणि टीम असेल तेव्हा आपणच समोर उभं राहून सांगायचा, तेवढं अडून बसून मागून घ्या. बाकी कॉलेजचा डेटा, कुणाचे सेमिनार किती आणि कुणाला बक्षिसं किती, ह्याच्याशी आपला संबंध नाही.

वेबसाइटवर कार्यक्रमाचे फोटो टाकणं, वाढदिवसाचे ग्राफिक, हे क्लार्कनं केलं तर काही बिघडत नाही. परत करा. कसं, तर भांडून नाही. मी एक महिना डायरी ठेवली, रोज कुठल्या कामाला किती तास. 176 तासांपैकी 61 तास वेबसाइट, फोटो आणि स्वागताचे बुके आणणं! (बुके खरंच माझ्याकडं होते, मार्केट जवळ म्हणून.) ते एका पानावर मांडलं, खाली लिहिलं की ह्या 61 तासांत अमुक अमुक करता येईल, आणि पत्र म्हणून आवक-जावकमधे नोंदवून दिलं. वेबसाइट कॉम्प्युटर डिपार्टमेंटकडं गेली. बुके दोन वर्षांनी गेले. विद्यार्थ्यांचे एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे) आयडी काढून देणं अजूनही माझ्याकडंच आहे, ते काही जात नाही. सगळं परत जाईल अशी आशा धरू नका, तिसरा हिस्सा गेला तरी श्वास घ्यायला जागा होते.

आणि काउंटर पूर्ण सोडू नका. रोज 11 ते 12 मी उभी असते, काहीही झालं तरी. मीटिंग असेल तर बाराला येते सांगते. तिथं एक साधी दोनशे पानी वही ठेवलीय, कोणी काय विचारलं आणि आपण काय दिलं. आधी मी फक्त हजेरीपटावरच्या सह्या मोजायचे, आज दोनशे मुलं आली म्हणून. त्यातली दीडशे पंख्याखाली बसायला आलेली असतात. वहीत दिवसाला सात-आठच प्रश्न येतात पण तपासणीला आलेल्या नॅकच्या पीअर टीमनं मागच्या वेळी सगळ्यात जास्त वेळ ती वही चाळली.

एवढं तुमच्याबद्दल झालं. काम निवडा, निवडलेल्यावर स्वतःचं नाव ठेवा, तासभर काउंटरवर उभे राहा. पण तुमच्या पोस्टमधे आणखी एक माणूस आहे ज्याच्याबद्दल कोणी विचारलंच नाही, तुमचा परिचर.

आमच्याकडं मामा आहेत. नाव काहीही असो, कॉलेजात ते मामाच. दहावी झालेले, 1997 ला लागले. बारकोड यायच्या आधी मामांना अठ्ठावीस हजार पुस्तकांची जागा पाठ होती, कण्याच्या रंगावरून. प्राध्यापकसुद्धा आधी मामांना विचारायचे मग मला. बारकोड आला, ओपॅक म्हणजे ऑनलाइन सूची आली, मुलं मोबाइलवर वर्गांक बघून स्वतः काढायला लागली आणि मामा एकदम गप्प झाले. मशिनचा बीप वाजवायला कशाला माणूस पाहिजे म्हणाले. त्यांची ओळख माझ्यापेक्षा लवकर गेली आणि त्यांना कोणी समन्वयकाची पाटीही देऊ केली नाही.

मला सुचायला फार उशीर झाला. पडताळणीच्या वेळी कॉम्प्युटर म्हणत होता 212 पुस्तकं नाहीत. मामांनी यादी हातात घेतली आणि म्हणाले ह्यातली निम्मी आहेत, चुकीच्या खणात आहेत, 330 वर्गांकाची पुस्तकं पोरं 338 मधे कोंबतात. तीन दिवसात 119 काढून दिली. म्हणजे कॉम्प्युटरला पुस्तक कुठं असायला हवं ते माहीत, मामांना पोरं ते कुठं ठेवतात ते माहीत. तेव्हापासून पडताळणी, बांधणीला काय पाठवायचं आणि निर्लेखनाला (यादीतून कायमचं कमी करायला) काय काढायचं ह्याची पहिली यादी मामा करतात, मी तपासते, आणि समितीच्या कागदावर त्यांची सही घेते. निर्लेखनात त्यांचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे, कुठल्या पुस्तकावरची धूळ किती वर्षांची ते त्यांना माहीत! तुमचा परिचर आज एकटा देवघेव ओढतोय, त्याला तुम्ही काय शिकवलंत आणि त्याच्याकडून काय शिकलात हे एकदा बघा. त्याची जागा रिकामी झाली की भरली जाणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

अभ्यासिकेबद्दल तुम्ही शेवटी चिडून लिहिलंय की लायब्ररीची अभ्यासिका झाली आणि आपण वॉचमन. हे गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतही झालंय, तिथले ग्रंथपाल तर तुटपुंज्या मानधनावर हेच करतायत, जागा वाटा, चार्जिंगचे पॉइंट बघा, पाण्याचा जार आला का बघा. एमपीएससीची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, त्यांना आपलं कपाट नको, खुर्ची पाहिजे. मीही चिडायचे. एकदा जिल्ह्यातल्या नद्यांवरून दोन मुलांचा वाद चालला होता, दोघांच्या गाइडात वेगळं वेगळं. मी आत जाऊन जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीचं पुस्तक) आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं, काही न बोलता. त्यांना असं काही पुस्तक असतं हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहा मुलं गॅझेटियर मागायला. मग विश्वकोशाचे खंड मी कुलपातून काढून अभ्यासिकेतच ठेवले. खूप काही क्रांती झाली नाही, अजूनही बहुतेकांना पंखा आणि वायफायच पाहिजे असतो. पण खुर्चीसाठी आलेला मुलगा तुमच्यापासून दहा फुटांवर आठ तास बसतो, एवढी संधी मला 1994 ला नव्हती.

पीएचडीचं थोडक्यात. पगाराच्या पुढच्या लेव्हलसाठी आणि कधी विद्यापीठात जायचं असेल त्यासाठी उपयोगाची आहे, वय हाताशी आहे, करा. पण आत्ता जे वाटतंय ते जाईल म्हणून करू नका. मी केली, पाच वर्षं गेली, नावाआधी डॉक्टर आलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला, "डॉक्टर मॅडम, तेवढे बुके आणता का?" विषय घ्यायचाच तर स्वतःच्या काउंटरवरचा घ्या, म्हणजे निदान ती वही कामाला येईल.

राहिली पाटी. त्यावरून प्राचार्यांशी वाकडं घेऊ नका असं माझं मत. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचंही ज्ञानस्रोत केंद्र झालं, शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर खर्डेकरांच्या नावाच्या ग्रंथालयाचंही झालं, तिथली माणसं ग्रंथपाल राहायची काही थांबली नाहीत. फक्त एक करा, पाटी बदलली तरी सेवापुस्तकात आणि मान्यतेच्या कागदात पदनाम ग्रंथपालच राहू द्या. समन्वयक म्हणून मान्यता असलेलं पद आपल्याकडं नाही, उद्या पगार किंवा पेन्शन अडली तर तुम्ही फेऱ्या मारत बसाल. ह्याबद्दल प्राचार्यांना लेखी विचारा, तोंडी नको. आमच्याकडं 2018 ला पाटी बदलली. जुनी लाकडी पाटी मामांनी भंगारात जाऊ दिली नाही, कार्डांच्या कपाटाचं त्यांच्या लक्षात होतं. ती आत 891.46 च्या कपाटावर ठोकलीय. पोरं दोन्ही पाट्या वाचत नाहीत, फोनवर सांगतात, "लायब्रीत ए मी, ये."